शेवंताबाईचा भाव
लकवा मारण्याआधी बाबा कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा लिलाव पुकारायचे. नंतर त्यांच्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही. आमची स्कूटर फिजिओथेरपीत गेली, आईच्या बांगड्या औषधांत. आज त्यांना उठवणारी-बसवणारी शेवंताबाई अडून बसली. "सातशे रोज द्या ताई, नाहीतर मी चालली. सक्करदऱ्याचे लोकं बोलावून राहिले मले." आई म्हणाली, "पाचशेच्या वर नाही जमत वं बाई!" तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, "साडेपाचशे!" आम्ही दोघं थिजलो. मग मी नाचलो, आई रडली. "सहाशे!" बाबांनी पुढं पुकारलं. शेवंताबाई हुशार, गप्पच राहिली. "साडेसहाशे!" "अहो, थांबा! आपल्याच खिशातून जाऊन राहिले!" आई ओरडली. बाबांचा चालता हात वर गेला. "सातशे! एक वार! दोन वार..." बाबांना वाचा यावी म्हणून सोळा सोमवार करणाऱ्या आईनं धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात दाबून धरला.