वरून आलेलं उत्तर

"आईच्या बदली आलीस का गं?" गेटवरच्या वॉचमनकाकांनी विचारलं. या टॉवरमध्ये आई चार घरची भांडी घासते.

"नाही हो काका, आज मी पाहुणी. इराचा वाढदिवस आहे." वक्तृत्वात पहिली आल्यापासून मी कुणाशीही बिनधास्त बोलते.

काका हसले. पण वर विचारायच्या मोबाईल अ‍ॅपवर त्यांनी सवयीनं माझ्या नावापुढे 'घरकाम' दाबलं. इराच्या घरून लगेच उत्तर आलं, 'आज नको.'

"चुकलंच माझं. थांब, पाहुणी म्हणून परत पाठवतो."

"राहू दे काका." नाव तर पहिल्यांदाही माझंच होतं.

बसमध्ये मी एकटीच गिफ्टचा चमचमता कागद सोडवत बसले.

सोमवारी वर्गात इरा फुगली होती. "किती वाट बघितली तुझी. का नाही आलीस?"

"ताप होता गं."

तिनं लगेच माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.