टायरवाला

दिवसभर लोकांना कॅन्सर झाल्याचं सांगून सांगून डॉक्टर लॉर्न फ्रीझन पार विझून गेला होता. केस कापायला बसला, तरी न्हावी कात्री थांबवून मेहुणीचे रिपोर्ट पुढे करायचा. म्हणून मॅनिटोबातल्या या गोठलेल्या तळ्यावर, बर्फाला भोक पाडून मासे धरायच्या लाकडी खोपटात, त्यानं सगळ्यांना सरळ थाप मारली होती, की मी टायर विकतो.

शेजारच्या खोपटातला म्हातारा एमिल दर रविवारी कॉफीचा थर्मास घेऊन यायचा.

"काय रे टायरवाल्या, माझे टायर पुन्हा गुळगुळीत झाले की! कसला माल खपवतोस लेका?"

लॉर्न पोट धरून हसायचा. अख्ख्या आठवड्यात हा एकच माणूस असा, ज्याला त्याच्याकडून काही नको होतं.

आज मात्र एमिल थर्मास न उघडताच भोकातल्या काळ्या पाण्याकडे बघत बसला होता. लॉर्ननंच शेवटी विचारलं, "काय हो काका, टायरांवरून भांडायचं नाही का आज?"

 

"दवाखान्याच्या भिंतीवर तुमचा फोटो बघितला, डॉक्टर. उद्या माझा रिपोर्ट तुम्हीच सांगणार आहात. आज टायरचंच बोलू या."