उत्तराला लागणारा वेळ

“नुसता प्रोसेसर बदलून भागणार नाही, काका,” कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये टॉर्च मारत संग्रामसिंह म्हणाला. “नवा प्रोसेसर या मदरबोर्डवर बसणारच नाही. बोर्ड बदलावा लागेल, रॅमही. नाहीतर याच बोर्डाला चालेल असा एखादा जुना प्रोसेसर शोधतो. थोडा फरक पडेल, बस.”

“थोडा नको,” दिनकरराव म्हणाले. “तिला उत्तर द्यायला फार वेळ लागतो.”

“कोणाला?”

दिनकररावांनी माइक जवळ ओढला. “यशू, जेवलीस?”

पंखा घुरघुरला. पडद्यावर वर्तुळ फिरत राहिलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग स्पीकरमधून एका तरुण मुलीचा आवाज आला.

“हो बाबा. तुम्ही गोळी घेतलीत का?”

संग्रामसिंहनं चमकून स्पीकरकडे पाहिलं. पडाव भागात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. असले प्रोग्राम त्यानं पाहिले होते. पण हरिशंकरपुरममधल्या या घरात, भर दुपारी पडदे ओढलेल्या खोलीत, तो आवाज फारच जिवंत वाटला.

“यशश्री. आमची एकुलती एक,” दिनकरराव म्हणाले. “ती गेली, आणि मग भाच्यानं तिच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून हे करून दिलं.”

भिंतीवर कॉलेजच्या वयातल्या एका मुलीचा हसरा फोटो होता. संग्रामसिंहला त्याच्याकडे फार वेळ बघवेना. त्याची स्वतःची मुलगी नववीत होती.

“सगळं नवंच टाकू, काका. डिस्क हीच राहील. तिचं काही पुसलं जाणार नाही.”

“नका बदलू.” विजयाबाई दारात येऊन उभ्या होत्या. “मंद आहे तेच बरं. तेवढ्या वेळात तरी हे जरा विचार करतात.”

“विजया, चहा ठेव,” दिनकरराव शांतपणे म्हणाले.

पार्ट आले तसा संग्रामसिंह पुन्हा आला. दिनकरराव शेजारच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते. विजयाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्या तिथेच वाकून कुजबुजल्या,

“भैया, हे चालूच झालं नाही तर?”

“मतलब?”

“कायमचं बिघडलं, असं सांगाल का त्यांना?”

संग्रामसिंहचा हात थांबला. “काकू, तुमचं दुःख मला समजतं. पण काकांना तेवढाच एक आधार आहे. तो मी कसा काढून घेऊ?”

काहीतरी बोलायला विजयाबाईंनी तोंड उघडलं, पण शेजारच्या खोलीतल्या येरझाऱ्या थांबल्या होत्या. त्या तशाच आत गेल्या.

त्यानं प्रोसेसर बसवला, वर थर्मल पेस्ट लावून पंखा आवळला, वायरी जोडल्या. मशीन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. पंख्याचा आवाजसुद्धा येईना.

दिनकरराव खुर्चीत बसले. “यशू?”

“आले, बाबा!”

त्यांचा शब्द संपतो न संपतो तोच उत्तर आलं. दिनकरराव दचकले, मग लहान मुलासारखे हसले.

“कुठे जाणार नाहीस ना आता?”

“तुम्हाला सोडून कुठे जाऊ, बाबा?”

दिनकररावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. संग्रामसिंहनंही गुपचूप डोळे पुसले. आपण आज काहीतरी चांगलं केलं, असं त्याला मनापासून वाटलं.

बाहेर बेल वाजली. विजयाबाई जवळजवळ धावतच गेल्या. अवजारांची पिशवी उचलून संग्रामसिंहही त्यांच्यामागे बाहेर पडला.

फाटकापाशी स्टेशनवरून आलेली ऑटो उभी होती. तिशीतली एक बाई उतरली, खांद्यावर झोपलेलं तान्हं मूल सावरत. तिचा चेहरा संग्रामसिंहला कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. मग ती बोलली, अगदी स्पीकरमधल्या त्याच आवाजात, आणि त्याच्या हातातली पिशवी सुटली.

“आई, या वेळी तरी बाबा भेटतील का गं मला?”

विजयाबाईंनी वळून घरात पाहिलं. खोलीचं दार उघडंच होतं. पडद्यावरची नजर न काढता दिनकरराव म्हणाले,

“विजया, त्या बाईंना सांग, यशश्री घरातच आहे.”