नळावरचा निशिगंध

रेवतीने सकाळी नळ सोडला, पण पाणी आलं नाही. नळावरच्या पट्टीवर लाल अक्षरं उमटली : ‘क्लोरीनपासून बनलेली घातक द्रव्यं मर्यादेबाहेर. कारण : कुजलेला निशिगंध.’

“कालपर्यंत नुसता पालापाचोळा दाखवत होता,” ती सासूबाईंना म्हणाली. “एवढी फुलं पिण्याच्या तळ्यात टाकली कुणी? काठावर निर्माल्य कलश ठेवलाय ना! आता क्लोरीन कमी केलं तर कावीळ, घातलं तर हे. गावाने प्यायचं काय?” तिने तक्रार नोंदवायला फोन उचलला.

मंदाकिनीबाई ओट्याला टेकल्या. “मी टाकली गं. ह्यांच्या अंगावरचे हार. सगळ्या मळेवाल्यांनी आणलेले, ट्रॉलीभर होते. कलशात कोंबवेनात, म्हणून पाण्यात सोडले. पाण्यात सोडलं की जातं, असं वाटलं.”

सासऱ्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता. रेवतीने हळूच फोन खाली ठेवला.

“ठेवू नकोस, माझं नाव सांग,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “जाळं टाकून सगळे हार काढायला सांग. फक्त मला काठावर बोलावू नका म्हणावं. दुसऱ्यांदा सोडणं मला जमायचं नाही.”