पान अकरावरचं नाव

संगीताच्या त्या संशोधन-पत्रिकेचा नियम कडक होता: लेख तपासणाऱ्याला लेखकाचं नाव कळता कामा नये. मलकापूरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या मंजुश्रीनं जात्यावरच्या ओव्यांवरच्या लेखातून आपलं नाव काढलं, जड मनानं 'आभार'ही पुसले. तरी लेख परत आला. पान अकरावर नाव राहिलं होतं.

तिथं ओव्या गाणाऱ्या जनकाबाईंची शेवटची ओवी होती. त्यांच्या गावी, वरवट बकालला, रेकॉर्डिंग करताना मंजुश्रीनं जात्याला हात लावला होता, आणि हात लावणाऱ्याचं नाव शेवटच्या ओवीत गुंफायची जनकाबाईंची रीतच होती.

मंजुश्रीनं त्यांना फोन लावला. "मावशी, ओवीतलं माह्यं नाव काढा लागते."

"काऊन वं? हात नव्हता लावला काय तू?"

"लावला होता. पण तपासणाऱ्याले माह्यं नाव दिसलं नाही पाहिजे."

"मंग त्याचंच टाक. वाचून राह्यला, त त्याचाबी हात लागलाच ना."

"त्याचं नाव मलेही सांगत नाहीत, मावशी."

"नाव ना गाव, अन् एवढं मोठं वाचते बिचारा," जनकाबाई म्हणाल्या, आणि फोनवरच गायला लागल्या:

"सरलं दळण माझं, पीठ भरलं सुपात,
नाव ठाव नाही ज्याचं, त्याचा हात या कामात."

मंजुश्रीनं ही ओवी स्वरलिपीसकट जुनीच्या जागी बसवली आणि लेख पाठवून दिला. तो तपासणारा कुठल्याही गावचा असो, पान अकरावर पोचला की जनकाबाई त्याचे आभार मानणार होत्या.