तुटलेली बाजू

"हात थांबव आधी," म्हणत पॉलिशकाकांनी तिच्या हातातला लोखंडी तुकडा चक्क हिसकावून घेतला.

पॉलिशकाका म्हणजे मटेरिअल लॅबचे असिस्टंट. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षात पोरांनी पाऊल टाकलं की ते आधी त्यांच्या हातात पॉलिश पेपर देत आणि धातूचा तुकडा आरशासारखा होईपर्यंत घासायला लावत. बोटांची सालं निघाली तरी त्यांना दया येत नसे. त्यामुळे धातू दिसला की घासायचा, ही सगळ्या वर्गाला खोडच लागली होती. तिलाही. आणि आज नेमकं तेच करायचं नव्हतं.

"तुटलेली बाजू घासायची नसते, इंजिनिअरबाई. सगळी हकिगत तिच्यावरच असते. पुसून टाकशील."

ती चटका बसल्यासारखी मागे सरली. नशीब, दोनच रेघा पडल्या होत्या. तुकडा क्रेनच्या हुकाचा होता. पंधरा दिवसांपूर्वी हा हुक तुटला आणि त्याला टांगलेला साचा तिच्या बाबांच्या अंगावर येऊन ते जागीच गेले. कारखान्याचं म्हणणं, त्यांनीच झेपेल त्याहून जास्त वजन अडकवलं, चूक त्यांची. उद्या चौकशी होती. बाबांच्या एका मित्राने हा तुकडा चिंध्यांत गुंडाळून गुपचूप घरी आणून दिला होता, आणि ती सकाळपासून लॅबचं दार उघडायची वाट बघत होती. आई हट्टाने बरोबर आली होती. बाहेर बाकावर बसली होती.

काकांनी तुकडा रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने हलकेच धुतला, खिडकीपाशी नेला आणि भिंग तिच्या हातात दिलं.

पुस्तकातलं चित्रच जणू कुणीतरी लोखंडात उतरवलं होतं. एका कडेपासून निघालेल्या वाकड्या रेघा, शिंपल्यावर असतात तशा, एकामागे एक, तपकिरी पडलेल्या. आणि अगदी दुसऱ्या टोकाला नखाएवढा भाग तेवढा लख्ख, मिठाच्या खड्यासारखा.

"फटीग, धातूचा थकवा," ती म्हणाली. याच प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी मार्क होते. जास्त वजनाने एका फटक्यात तुटला असता तर या रेघा उमटल्याच नसत्या. हा हुक एका दिवसात तुटलाच नव्हता. चीर वर्षभर तरी रोज इवलीशी आत सरकत होती, आणि शेवटी उरलेल्या नखाएवढ्या लोखंडाला नेहमीचाच भार पेलवला नाही. म्हणजे बाबांची चूक नव्हती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेता आला. ती काकांना सांगत सुटली, उद्या त्या साहेबलोकांच्या तोंडावर कसं सांगणार, फळ्यावर आकृती कशी काढणार, सगळं.

काकांनी तुकडा उलटा केला. बाहेरच्या अंगाला पिवळा रंग होता, आणि रंगात एक भेग, गंजाने काळपट झालेली, भिंगाशिवायही दिसणारी. त्यांनी भेगेवरून बोट फिरवलं. नख अडकलं.

"हुक रोज कोण तपासायचं?"

सकाळी काम सुरू व्हायच्या आधी हुक बघायचा, वहीत 'ठीक' लिहायचं, खाली सही करायची. हे काम बाबांचंच. त्याचा त्यांना कोण अभिमान.

आणि मग तिला घरातल्या संध्याकाळी आठवल्या. बाबा तिला रोज मोठ्याने वाचायला लावत. थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स, काहीही चालायचं. बर्नुलीला तर ते 'आपला बर्नुली' म्हणत, जसा काही मामेभाऊच. अभ्यास झाला की पेपरही तिनेच वाचायचा, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीही तिनेच. तिला वाटायचं, लेकीचं कौतुक आहे. कौतुक होतंच. पण गेल्या वर्षभरात बाबांनी स्वतः एक ओळ वाचलेली तिला काही केल्या आठवेना.

काकांनी तुकडा पुन्हा चिंधीत बांधला. दाखवलास तर जास्त वजनाचा ठपका जाईल, म्हणाले, पण मग साहेबलोक वही उघडतील. तुझं तू ठरव.

ती बाहेर आली तशी आई बाकावरून उठली.

"काय निघालं?"

"हुकाला चीर होती, आई. जुनी. बाबांनी काही जास्त वजन अडकवलं नव्हतं."

आईने डोळे मिटले. आता ही रडणार, असं तिला वाटलं. पण आईने डोळे उघडून विचारलं, "साध्या डोळ्यांना दिसत होती?"

"नाही गं. फार बारीक होती."

"आणि चष्मा असता तर?"

आई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"दोनदा म्हणाले होते मला. अक्षरं पुसट दिसतात म्हणून. मीच म्हटलं, पोरीची परीक्षा होऊन जाऊ दे, मग बघू."

कॉरिडॉरमधून पोरांचा एक घोळका हसत, एकमेकांना ढकलत गेला. तो लांब जाईपर्यंत ती थांबली.

"चष्म्यानेही नसती दिसली, आई. आम्हालासुद्धा मायक्रोस्कोपखाली घातल्यावर कळली."

आई मटकन बाकावर बसली. पंधरा दिवस ताठ धरलेले तिचे खांदे हळूहळू खाली आले. मग तिने लेकीच्या गालावरून हात फिरवला.

"उद्या मीही येते तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "आत्ता मला सांगितलंस ना, अगदी तस्संच सांग त्यांना."