परतलेल्यांची प्रश्नावली

"पण परत का आलात?" सरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्याची मालकीण हसली. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने सुकत होते. "काम इथंही करता येतं म्हणून."

सरांनी वहीत लिहिलं, 'टाळाटाळ.' शिकून परदेशी जाणाऱ्यांच्या अभ्यासात त्यांनी उभी हयात घालवली होती. जागतिकीकरण म्हणजे चाळण, दाणा तिकडे राहतो आणि कोंडा परत येतो, या त्यांच्या वाक्याला प्रत्येक परिषदेत टाळ्या पडत. दाण्याचं उदाहरण म्हणून ते स्वतःच्या इंजिनिअर मुलाबद्दल सांगत. आता परतलेल्या उद्योजकांवर नवं पुस्तक लिहायचं होतं आणि निष्कर्ष आधीच ठरला होता.

"तिकडे नेमकं काय बिनसलं?"

"काहीच नाही. उलट बढती मिळत होती." तिने आतल्या बंद दाराकडे पाहिलं. "इथलं सगळं डिझाइन माझ्या भागीदाराचं. तोही तिकडूनच आलाय. आज चार देशांत आमचे दात जातात."

"मग बोलवा की त्याला!"

"तो कुणाला भेटत नाही. प्रश्न ठेवून जा, टाइप करून पाठवेल. नाव मात्र घालणार नाही."

"लाज वाटत असेल."

"वाटतं खरं त्याला काहीतरी," मालकीण म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तरं आली. बायको इस्त्री करत होती. सर खुर्ची ओढून तिच्यासमोरच बसले.

"ऐक, काय नमुना आहे! परतण्याचं कारण? 'स्वतःचं काही उभं करायचं होतं.' हे सगळेच लिहितात. पुढं बघ. घरच्यांची प्रतिक्रिया? 'वडिलांना अजून सांगितलेलं नाही. तीन वर्षं झाली.' का? 'त्यांच्या लेखी परत येणारा म्हणजे हरलेला.'"

बायकोचा हात थांबला.

"तीन वर्षं!" सरांचा आवाज चढला. "अठ्ठावीस माणसांना पगार देतो म्हणे, आणि बापासमोर उभं राहायची छाती नाही. मी म्हणतो ते हेच. असल्या पोराच्या बापाची कीव येते मला."

"मलाही," ती म्हणाली.

"पूर्ण प्रकरण याच्यावरच लिहितो. भित्रेपणाचा इतका चोख पुरावा शोधून सापडायचा नाही." सरांनी पेनाचं टोपण काढलं. "आणि ती बिचारी आई! तिलाही अंधारातच ठेवलं असणार."

तिने इस्त्री बंद केली. शर्टाच्या बाह्या नीट दुमडल्या.

"आईला नाही," ती म्हणाली. "विमानतळावर घ्यायला मीच गेले होते."